वायरीत अडकलेले टाळ

जळगावात ज्या घरी राहून मी शिकत होतो, तिथे माझ्या माडीवरच्या खोलीचा जिना नानांच्या खोलीतून वर जायचा. दुसरी वाट नव्हती. कॉलेजला जाताना, परत येताना, पाणी प्यायला खाली उतरताना नानांच्या खाटेला वळसा घालूनच जावं लागे. पहिल्या वर्षी त्या खोलीत ज्वारीची पोती आणि दुरुस्तीला आलेले पंप असत. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिथे नानांची खाट आली, आणि तेव्हापासून माझी पावलं रोज मोजली जायला लागली.

"कोण शे?"

"मी, नाना."

"बठ."

मी बसायचो.

नानांचं आणि आमचं नातं सांगायला दोन श्वास लागत. माझ्या वडिलांच्या मामेभावाचे ते सासरे. मूळचे दोंडाईचाकडचे. उभं आयुष्य बैलबाजारात दलाली करण्यात गेलं. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, जळगावात पंप आणि पाइपांचं दुकान चालवायचा. माझं गाव बोदवडच्या पुढे. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मीच पहिला. कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही तेव्हा भाऊंनी वडिलांना सांगितलं, "वर खोली पडून आहे. आपलाच पोरगा आहे, राहू दे." परत निघताना वडिलांनी एसटी स्टँडवर मला एकच गोष्ट बजावली. त्या घरात 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

मी तो काढला नाही. त्याच्या जागी मला दुसरा शब्द सापडला: 'बघतो.' भाऊ म्हणत, दुकानातून जरा चक्कर मारून ये. मी म्हणे, "बघतो." त्यांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणत, आमच्या धाकटीचं गणित घेशील का. "बघतो." माझ्या मनात त्याचा अर्थ जमलं तर, असा असे. त्या घरात त्याचा अर्थ 'हो' असा लावला जाई. दोन्हींच्या मधल्या जागेत मी दीड वर्ष राहिलो.

नानांकडे गाणं ऐकायचा एक जुना संच होता. धुळ्याच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने फार पूर्वी बांधून दिलेला, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला. त्याचे दोन खोके होते. छोटा खोका रेकॉर्ड प्लेअरला चिकटून असे. सुईवरून येणारा अगदी बारीक आवाज तो थोडा उचलून पुढे द्यायचा. मोठ्या खोक्यात तो आवाज खरा मोठा व्हायचा आणि स्पीकरला जायचा. आवाज कमी-जास्त करायचं बटणही मोठ्या खोक्यावरच होतं, काळं, वाटीएवढं. चालू केल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे आणि लाकूड तापल्याचा वास यायचा. हे सगळं बैठकीतल्या शोकेसमध्ये होतं. संध्याकाळी नाना तिथे भजनांच्या रेकॉर्डी लावत. गावाकडे ते भजनी मंडळात टाळ धरायचे.

दिवाळीनंतर नानांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. बोलणं दोन आठवड्यांत परत आलं, थोडं जड. हात मात्र आला नाही. न्हाणीघर जवळ म्हणून त्यांना मागच्या खोलीत, माझ्या जिन्याखाली आणलं. बैठकीत भाऊंकडे रावेरकडचे केळीवाले शेतकरी पंपाचं बोलायला येत, त्यामुळे तिथे खाट टाकणं शक्य नव्हतं. मागची खोली इतकी अरुंद की खाट, एक स्टूल आणि भिंतीवर स्पीकरची पेटी, एवढंच मावलं. मोठा खोका स्टुलावर ठेवला, नानांच्या डाव्या हाताशी. प्लेअर ठेवायला जागाच उरली नाही. शिवाय खाट हलली की सुई उडायची. तेव्हा प्लेअर आणि छोटा खोका बैठकीतच राहिले. वहिनी येता-जाता रेकॉर्ड बदलत. दोन खोक्यांच्या मध्ये आता बैठक, माजघर आणि बोळ आला होता. तेवढी वायर ओढायची होती.

वायरीचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. ते पंपवाले. लांब शेतातल्या विहिरीला बारीक वायर टाकली की मोटर जळते, हे त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना समजावलेलं.

"लांबचं काम आहे ना? मग जाड वायर. जेवढी जाड तेवढा दम," असं म्हणून त्यांनी दुकानातली पंपाची केबल आणली, बोटाएवढी, आणि दाराच्या चौकटींवरून खिळे मारून आत घेतली. बटण फिरवल्याबरोबर स्पीकरमधून असा घोंगाट आला की धाकटी कानांवर हात ठेवून पळाली. गाणं त्या घोंगाटाच्या मागे कुठेतरी चाललं होतं.

"ही तर मोटरच चालू झाली," वहिनी म्हणाल्या.

"तुला हसायला काय जातं?"

दुसऱ्या दिवशी भाऊ रेडिओच्या दुकानातून जाळीची वायर घेऊन आले. आत एक बारीक तार, भोवती तांब्याची जाळी, वर करडं प्लॅस्टिक. लाउडस्पीकरवाले माइकला लावतात तीच. ती टाकल्यावर घोंगाट पूर्ण गेला. भाऊ खूश झाले. बैठकीतून रेकॉर्ड लागली, पखवाज घुमला, बुवांचा आवाज आला. नाना डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"टाळ कथा गयात?"

"टाळ आहेत की," भाऊ म्हणाले.

"पखवाज आयकू येस. टाळ नहीत."

भाऊंनी मोठ्या खोक्यावरचं ट्रेबलचं बटण पूर्ण फिरवलं. नुसती खरखर वाढली, जणू कोणी पत्र्यावर वाळू ओततोय. ते परत मागे घेत ते जरा हळू आवाजात म्हणाले, "नाना, आता वय झालं. कानाचं पण..."

"माले बहिरा समजस का तू?"

मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो, पुस्तकं हातात. मला वर जायला हवं होतं. पण टाळ मलाही ऐकू येत नव्हते. बुवांचा आवाजसुद्धा घोंगडीतून आल्यासारखा येत होता; 'स' आणि 'श' यांतला फरक गेला होता. दिवाळीच्या आधी ह्याच रेकॉर्डमधले टाळ माडीवर माझ्या कानात शिरायचे आणि अभ्यास होऊ द्यायचे नाहीत.

"मलाही येत नाहीत, भाऊ," मी म्हणालो.

खरं होतं म्हणून म्हणालो. त्या वाक्याने मी माझे पुढचे तीन महिने विकून टाकले. नाना डाव्या कोपरावर उठून बसायला लागले, वहिनींनी त्यांना सावरलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात हरवलेलं जनावर सापडावं.

"ह्या पोऱ्याले आयकू येस. हाऊ फिजिक्स शिकस ना? ह्याले सांगा."

"मग तूच बघ रे," भाऊ म्हणाले.

"बघतो," मी म्हणालो.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला फिजिक्स येतं अशी माझी स्वतःची खात्री नव्हती. वर्गात प्रश्न विचारायला माझा हात वर जायचा नाही. घरात मात्र मी आता आवाजाचा डॉक्टर झालो. संध्याकाळी कॉलेजहून आलो की, "कोण शे?", आणि मग, "बठ, आयक." मी बसून ऐकायचो. टाळ येत नाहीत असं दोघांचं एकमत व्हायचं. मग नाना बैलबाजाराच्या गोष्टी सांगत आणि जेवणाची हाक येई. माडीवरच्या माझ्या टेबलावर पुस्तक सकाळी ज्या पानावर उघडं ठेवलेलं असे, त्याच पानावर रात्री असे.

मी काही खोटं करत नव्हतो, खरंच शोधत होतो. दुकानातून तीन तऱ्हेच्या वायरी आणल्या. एक पातळ जाळीची, ती आणखी वाईट. टाळच काय, बुवाही पाण्याखाली गेले. मग एका मित्राच्या घराच्या गच्चीवर टीव्हीचा अँटेना बसवत होते तिथे मला ती काळी, जाड, आत पांढरं प्लॅस्टिक भरलेली वायर दिसली. तिथला उरलेला तुकडा मागून आणला आणि खुर्चीवर चढून चौकटींवरून टाकला. वहिनींनी रेकॉर्ड लावली.

नानांनी हात वर केला. सगळे थांबले.

"शेतंस," ते म्हणाले. "पन दारामांगे शेतंस."

बरोबर होतं. टाळ आले होते, पण कोणीतरी शेजारच्या घरात, दार लोटून वाजवत असल्यासारखे. सुरुवातीचा किणकिणाट नव्हता, फक्त मागची ओली झणझण. भाऊंना एवढ्यावर थांबायचं होतं. "दहा आणे आले ना? पुष्कळ झालं." नानांनी मान हलवली नाही. आणि मला कळून चुकलं की अर्धवट बरं करणं हे काहीच न करण्यापेक्षा अवघड आहे, कारण आता त्यांना आशा होती.

त्याच सुमारास माझे वडील गावाहून आले. नानांच्या पायाशी, खाटेच्या कडेला टेकून बसले. नानांनी माझी तारीफ केली. हा पोरगा रोज माझ्यापाशी बसतो, ह्याचे कान चांगले आहेत, ह्यानेच वायर शोधली.

वडिलांचा चेहरा फुलला. "तुमचाच हाये तो, नाना. बसंल की. त्याला काय काम हाये?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. सहामाही परीक्षेत मी एका पेपरात जेमतेम पास झालो होतो, हे त्यांना सांगायचं ठरवून मी बसलो होतो. ते सांगायचं राहिलं. एसटीवर पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लय समाधान वाटलं." मग कसं सांगणार?

वायरीचं कोडं मला ग्रंथालयात थोडं कळलं आणि बाकीचं आमच्या शेताच्या आठवणीने कळलं. जाळीची वायर म्हणजे आत तार, बाहेर जाळी. ती दोन्ही मिळून एक लांबच लांब कपॅसिटर होतो, म्हणजे वीज साठवणारं भांडं. वायर जेवढी लांब, आतली तार आणि जाळी जेवढी जवळ, तेवढं त्याचं पोट मोठं. एवढं पुस्तकात होतं. पण मग टाळच का जातात, पखवाज का जात नाही?

लहानपणी केळीला पाणी द्यायला मी दारं धरायला जायचो. विहीर दुबळी, पाट लांब. मोटरीजवळ उभं राहून मी पाटात टाच रोवायचो आणि उचलायचो, पाणी अडवायचो आणि सोडायचो. जवळ पाणी उड्या मारायचं. पण पाटाच्या टोकाला, शेवटच्या केळीपाशी, ते संथच पोचायचं. माझ्या टाचेच्या भराभर हालचाली पाटातच विरून जायच्या. पाट भरायला आणि रिकामा व्हायलाच वेळ लागायचा. पण टाच बराच वेळ रोवून ठेवली आणि मग बराच वेळ उचलली, तर ते मात्र टोकालाही कळायचं. पखवाज म्हणजे ती सावकाश टाच. टाळ म्हणजे भराभर टाच. आमचा छोटा खोका म्हणजे दुबळी विहीर. अँटेनाच्या वायरीचं पोट लहान म्हणून तिथून थोडे टाळ निसटून येत होते, एवढंच.

स्पीकरची गोष्ट वेगळी होती. मोठ्या खोक्यातून निघालेला आवाज दांडगा. त्याला लांब वायरीचं काही वाटत नाही. म्हणजे मोठा खोका बैठकीत, छोट्याला चिकटून ठेवायचा आणि लांब वायर स्पीकरला न्यायची. इतकं सोपं.

मी ते नानांना पाटाच्या उदाहरणाने सांगितलं. त्यांना माझ्या सरांपेक्षा लवकर समजलं असावं. सरांना मी विचारलंच नव्हतं. मग ते स्टुलाकडे बघत म्हणाले, "म्हंजे हाई आठेन जाई?"

"हो, इथून जाईल. बटण बैठकीत राहील."

त्यांचा डावा हात बटणावर होता. दिवसभर तिथेच असायचा. अंगातलं जे त्यांच्या हुकमात उरलं होतं ते तेवढंच होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की हात उचलायला त्यांना वेळ लागला.

"ने," ते म्हणाले.

आम्ही खोका बैठकीत नेला. भाऊंनी पंपाची जाड केबल स्पीकरला जोडली आणि ती वाया गेली नाही म्हणून त्यांना फार बरं वाटलं. रेकॉर्ड लागली. आणि टाळ आले. सगळे आले. पहिली किण्ण आली, मग दुसरी तिच्या अंगावर, आणि एक टाळकरी किंचित मागे पडत होता तेही ऐकू आलं. नाना हसायला लागले. "त्याले बठ्ठा गाव हासी!", सगळा गाव त्याला हसेल, असं काहीतरी म्हणत त्यांनी डाव्या हाताने पांघरुणावर ठेका धरला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मग नाना म्हणाले, "जरा कमी कर."

मी बैठकीत गेलो, कमी केलं, परत आलो.

"जास्त कमी झाया. वाढाव."

गेलो.

अशा रीतीने मी बटण झालो. प्रत्येक रेकॉर्डचा आवाज वेगळा. संध्याकाळी व्होल्टेज पडे, मग वाढवायचा. दिवे तेजाळले की कमी करायचा. बुवांनी आलाप घेतला की वाढाव, कोरस आला की कमी कर. वहिनी मला "बटणवाले भावजी" म्हणायला लागल्या. "भावजी, तुमचं लग्न होईल तेव्हा बायकोला सांगा, डावीकडे फिरवलं की गप्प बसतो." सगळे हसायचे, मीही हसायचो. आतून मला वाटायचं की ह्या घरात माझं जे काही चांगलं होईल ते मला आणखी घट्ट बांधणार आहे. टाळ ऐकू आले नव्हते तेव्हा मी निदान बसून होतो. आता बोळातून ये-जा करत होतो.

माघात होस्टेलमधला एक मुलगा शिक्षण सोडून गावी गेला. रेक्टर सरांनी मला बोलावलं. "जागा आहे. शनिवार संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला देतो." तिथे संध्याकाळी सगळे अभ्यासाला बसत. वार्षिक परीक्षा समोर होती. एका विषयात मी पुन्हा घसरलो असतो तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर आमच्या घरातून मला पुन्हा पाठवलं गेलं नसतं. वडिलांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

पण घरी आल्यावर "कोण शे?" ऐकलं आणि तोंडातून शब्द निघाला नाही. मी वेगळा विचार केला, जो माझ्यासारखे भित्रे लोक करतात: बोलण्याऐवजी काहीतरी बनवून द्यावं. बटण परत नानांच्या हाताशी आणून दिलं, टाळ न घालवता, तर माझी गरजच उरणार नाही. मग सांगावं लागणार नाही, आपोआपच होईल.

ह्या वेळी मी सरांना विचारलं. वर्ग सुटल्यावर, दारात, अडखळत. सर म्हणाले, "अरे, तुझा सोर्स दुबळा आहे. त्याच्यापुढे एक फॉलोअर टाक. ट्रान्झिस्टरचा शिकलास ना? व्हॉल्व्हचाही होतो." हा टप्पा आवाज मोठा करत नाही. आहे तेवढाच ठेवतो, फक्त त्याच्या अंगात ताकद भरतो, मग लांब वायरीचं पोट त्याला भारी पडत नाही. मी घरी येऊन छोटा खोका उघडला. आतल्या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन भाग होते आणि धुळ्याच्या त्या माणसाने एकच वापरला होता. दुसरा अर्धा इतकी वर्षं नुसता तापत बसला होता. मला दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरणार होता.

"हाई काय करस तू?" नानांनी विचारलं तेव्हा मी समजावलं.

"म्हंजे चढले आखो एक बैल जुंपा."

"हो. चढाला आणखी एक बैल. तसंच."

जोडणी करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. एकदा झटकाही बसला, दंडापर्यंत. भाऊंनी मला बाजूला सारून पेचकस लावून आतला करंट उतरवला आणि शिव्या घातल्या. शुक्रवारी मोठा खोका परत स्टुलावर आला, मध्ये तीच अँटेनाची काळी वायर. टाळ पूर्ण आले. उत्सुकता म्हणून मी ती काढून आधीची करडी, माइकची वायर लावून पाहिली. तरीही आले. बैल चढ चढला होता. आता वायर कुठलीही चालत होती.

नानांनी बटणावर हात ठेवला, आणि मी जिन्याकडे वळलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात मागून आवाज आला.

"जरा कमी कर."

मी वळून पाहिलं. त्यांचा हात बटणावरच होता. मी खाली उतरलो, त्यांच्या बोटांशेजारून बटण पकडलं आणि कमी केलं.

"बठ," ते म्हणाले.

रात्रभर मी पडून होतो. बनवून द्यायला आता काही उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी भाऊ दुकानात होते, वहिनी अंगणात डाळ वाळवत होत्या. मी बाहेर जायला निघालो आणि खाटेपाशी थबकलो.

"तुना मनमा काय शे?" नानांनी विचारलं. रेकॉर्ड लावलेली नव्हती, पण खोका चालू होता आणि त्यांचा हात त्याच्यावर होता.

"काही नाही. म्हणजे... होस्टेलचं... बघतो."

"बाजारमा 'बघतो' म्हननाराले आम्ही बैलना दात बी दखाडूत नही." मग त्यांनी उशाशी पडलेलं उपरणं डाव्या हाताने ओढलं आणि त्याच हाताच्या मनगटावर घेतलं. "हात दे."

मला कळलं. त्यांनी मला हे कितीदा सांगितलं होतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा म्हणजे पाच. पटलं नाही तर हात ढिला सोडायचा. आजूबाजूच्या माणसांना काही कळत नाही, कोणी कोणाला नकार दिला असं होत नाही, आणि 'नाही' हा शब्द कोणालाच उच्चारावा लागत नाही.

मी खाटेच्या कडेला बसून उपरण्याखाली हात घातला. नानांचा हात कोरडा आणि गरम होता, नुकताच खोक्यावरून उचललेला.

"आठवडा," ते मोठ्याने म्हणाले. तेवढंच. म्हणजे त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

त्यांनी माझा पंजा धरला. आठवड्याच्या पाच संध्याकाळी. मी हात ढिला सोडला.

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी नाही म्हटलं होतं. नाना छताकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही, दलालाचा चेहरा. मग त्यांनी चार बोटं धरली. मी पुन्हा ढिला सोडला. मग ते थांबले. आता माझी पाळी होती. मी त्यांचं एक बोट दाबलं.

"ओ हो," ते छताला म्हणाले. "पोऱ्याले तोंड नही, पन हात शे."

त्यांनी माझी तीन बोटं घट्ट धरली आणि सोडेनात. मी जरा वेळ तसाच राहिलो. मग एक बोट सोडवून घेतलं आणि उरलेली दोन त्यांच्या मुठीत राहू दिली. ते वाट बघत होते. मी हलवली नाहीत. बाहेर वहिनी कावळ्याला हाकलत होत्या. शेवटी त्यांनी माझी दोन बोटं एकदा आवळली आणि सोडून दिली.

"झाया सौदा."

संध्याकाळी मी रेक्टर सरांना 'हो' सांगून आलो. भाऊंनी नानांना विचारलं, काय ठरलं, पोरगा कोणकोणत्या दिवशी येणार. नाना म्हणाले, बाजारात भाव विचारत नाहीत. वहिनींनी मला विचारलं तेव्हा मीही तेच म्हणालो. "घ्या," त्या म्हणाल्या, "दोघं दलाल झाले."

सोमवारी माझी ट्रंक भाऊंनी दुकानाच्या हातगाडीवरून पाठवली. पुढची दीड वर्षं, पदवी मिळेपर्यंत, मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या घरी गेलो. कधी कंटाळा यायचा, कधी दुसऱ्या दिवशी पेपर असायचा, तरी गेलो. गेलो की रेकॉर्ड लागायची, टाळ स्वच्छ यायचे, आणि थोड्या वेळाने नाना म्हणायचे, "जरा कमी कर," आणि बटण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर असायचं, आणि मी कमी करायचो.

होस्टेलमधल्या पहिल्या संध्याकाळी मात्र मी अंथरूण काखेत घेऊन जिना चढत होतो आणि अर्ध्यावर थांबलो. खाली कोणीच नव्हतं. कोण आहे, असं कोणी विचारलं नाही. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो आणि मग वर गेलो.